नव्वद दिवसांचा दिवा

परवा मावसभावाचा फोन आला. "काय रे, तुझा तो दिव्यांचा अ‍ॅम्प्लिफायर सुरू झाला का?" नाही झाला. तिसरा महिना लागलाय. म्हणून हा पोस्टप्रपंच.

आलापल्लीच्या सागवानात बसून एवढं महागडं यंत्र कशाला, असं तुमच्यापैकी अर्ध्यांना वाटतंच. वाटू द्या (ह. घ्या.). मुद्दा वेगळा आहे.

चारपैकी एका ईएल ३४ व्हॉल्व्हची आतली प्लेट लालभडक झाली आणि फ्यूज उडाला. व्हॉल्व्ह जातात, त्यात नवल नाही. कॅथोड तापवून इलेक्ट्रॉन काढायचे म्हणजे तो झिजणारच. पॉवर व्हॉल्व्ह काही हजार तासांचा सोबती. त्याच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात. लाइन २३० ऐवजी २६० वर गेली की तेच सातच्या वर जातात. आमच्याकडे लाइन कशी असते ते सांगायला नको.

म्हणून तर व्हॉल्व्ह पहिल्यापासून सॉकेटात बसवतात. जुन्या कितीतरी रेडिओंच्या पेटीत कुठला व्हॉल्व्ह कुठे याचं चित्र चिकटवलेलं असायचं. गावचा रेडिओवाला गेलेला काढायचा, नवा खोचायचा. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आपल्याकडेच व्हॉल्व्ह बनवत होती. आता ते स्लोव्हाकिया, रशिया, चीनमधून येतात, पण येतात.

कंपनीचं उत्तर मात्र असं: व्हॉल्व्हची वॉरंटी नव्वद दिवस. सुटा व्हॉल्व्ह मिळणार नाही. सर्किट डायग्राम देता येणार नाही. बाहेरचा व्हॉल्व्ह घातला तर सगळीच वॉरंटी रद्द. पूर्ण युनिट स्वखर्चाने मुंबईला पाठवा.

चोवीस किलोचं धूड! त्यात लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणि काचेच्या नळ्या. लोहखनिजाचे ट्रक धावतात त्या रस्त्याने आधी शंभरहून जास्त किलोमीटर चंद्रपूर, मग पुढे मुंबई. एक व्हॉल्व्ह बदलायला उरलेले तीन फोडायचे का?

"आत चारशे व्होल्ट असतात, जिवाला धोका आहे," असंही सांगितलं. खरं आहे. प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. पण सॉकेट वरच आहे, झाकण उघडावं लागत नाही. बायस जुळवावा लागत असेल तर कसा जुळवायचा हे लिहून द्या. इथला जाणता माणूस मीटर लावून जुळवेल. धोका आहे म्हणून माहिती द्यायची असते, लपवायची नसते.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टलही सुरू केलं. पोर्टलने माझा व्हॉल्व्ह पेटत नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे मी मुंबईला जायचं नाही, कंपनीने गडचिरोलीला यायचं.

झिजणारा भाग विकता, तर तो सुटा विकलाच पाहिजे. सायकलची ट्यूब पंक्चर झाली म्हणून कोणी सायकल कारखान्यात पाठवत नाही.

असो. तक्रारीचा मसुदा तयार आहे. तुमच्यापैकी कोणी अशी लढाई लढलं असेल तर जरूर कळवा. आणि मावसभावा, दिवाळीत येशील तेव्हा बहुधा तुलाच गावं लागेल.