उसनी तरतरी

“चहावांचून आमच्यानें काम होत नाहीं” हें वाक्य अलीकडे कबुलीजबाब म्हणून उच्चारलें जात नाहीं. तें बिरुदासारखें मिरविलें जातें. वाशी स्थानकाच्या माथ्यावरील कचेऱ्यांत बसणारे कारकून, महाप्याच्या संगणक-कंपन्यांत अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणें जागणारे पदवीधर, फार काय, महाविद्यालयांतील आमचे व्यवसायबंधु, या सर्वांचें या एका बाबतींत विलक्षण एकमत आहे. इतक्या विद्वानांचें एकमत झालें म्हणजे तेथें कांहींतरी चुकत असावें, असा आमचा जुना संशय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. आम्ही चहाचे शत्रु नाहीं. १९४२ सालीं आगाखान पॅलेसमधील बंदिवासांत गांधीजींनीं आरोग्यावर जें पुस्तक लिहिलें, त्यांत चहा, कॉफी व कोको यांची शरीरास गरज नाहीं, असा निर्वाळा त्यांनीं दिला आहे. तेवढें वैराग्य आम्हांस पेलत नाहीं. सकाळचा एक पेला आम्ही आनंदानें घेतों व पाहुण्यासही देतों. आमचें भांडण चहाशीं नसून, चहा शक्ति देतो या समजुतीशीं आहे.

शरीरशास्त्र काय सांगतें? माणूस जागा असतां मेंदूंत अॅडेनोसिन नांवाचें द्रव्य सांचत जातें. तें विशिष्ट जागीं जाऊन बसलें कीं झोप येऊं लागते. कॅफीन त्या जागा आधींच अडवून ठेवतें. म्हणजे थकवा असतो तेथेंच असतो. त्याची वर्दी मात्र वर पोंचत नाहीं. दारावर आलेल्या तगादेदाराला नोकराकरवीं “मालक घरीं नाहींत” असें सांगविल्यानें कर्ज फिटत नाहीं. शिवाय घेतलेल्या कॅफीनपैकीं निम्में शरीराबाहेर पडण्यास साधारण पांच तास लागतात. सायंकाळीं पांचला घेतलेल्या पेल्याचा अर्धा अंमल रात्रीं दहालाही उरतो. झोप उथळ होते, सकाळीं डोकें जड होतें, आणि त्यावर उपाय म्हणून पुन्हा चहा! सावकाराचें व्याज फेडण्यास त्याच सावकाराकडून कर्ज काढण्याचा हा प्रकार आहे.

याहून दुःखाची गोष्ट स्त्रियांची. अन्नांतील लोह चहामुळें अंगीं नीट लागत नाहीं. म्हणून जेवणाच्या आधीं व नंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळावी, असें हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं सांगितलें. महाराष्ट्रांतील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयानें ग्रस्त असल्याचें २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आढळलें आहे. त्यांतलीच एखादी भगिनी डबा संपतांच ग्लानि घालविण्यासाठीं चहा घेते, आणि उद्यांच्या ग्लानीची तजवीज करते!

हा प्रघात आपोआप पडला, असें समजूं नये. १९०३ सालीं सरकारनें चहावर उपकर बसविला व त्या पैशांतून चहाच्या प्रसाराची मोहीम चालली. पहिल्या महायुद्धाच्या काळांत गिरण्या, कारखाने व खाणी येथें चहाचे गाळे उघडले गेले. त्याच्या कांहीं वर्षें आधीं, १८९० सालीं, याच मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळवून दिली होती. थकलेल्या माणसास एकानें विश्रांति मिळवून दिली, दुसऱ्यानें पेला विकला. दुर्दैवानें पेलाच सर्वत्र पोंचला. १९४८ च्या कारखाना कायद्यानें पांच तासांच्या आंत अर्ध्या तासाची विश्रांति बंधनकारक केली. २०२५ च्या सप्टेंबरांत महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें ही मर्यादा सहा तासांवर व कारखान्यांतील दिवसाची कमाल मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. जास्त वेळाचा मोबदला मिळेल, असें सांगण्यांत येतें. मिळो बापडा, पण झोपेचा मोबदला कोणत्या दरानें द्यावयाचा?

यावर नव्या मुंबईकरानें तरी विचार करावा. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं १९६५ सालीं खाडीपलीकडील नगराची कल्पना मांडली आणि १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, ती मुंबईवरील भार हलका व्हावा, माणसास घराजवळ काम मिळावें म्हणून. तरीहि आमच्या नेरूळांतील कितीतरी शेजारी रोज जाऊन-येऊन अडीच-तीन तास गाडींत उभे असतात. ते तास झोपेंतून कापले जातात, आणि तूट टपरीवर भरून काढली जाते.

आम्हीही या पंथांतले होतों. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या दिवसांत सहा-सात पेले सहज होत. एके रात्रीं तीन वाजेपर्यंत छताकडे पाहत पडलों, आणि दुसरे दिवशीं एका विद्यार्थ्याच्या गुणांची बेरीज दहांनीं चुकली. सहकाऱ्याच्या ती वेळींच ध्यानांत आली म्हणून बरें. नाहींतर त्या मुलाचें वर्ष आमच्या तरतरीस बळी पडलें असतें. तेव्हांपासून दुपारनंतरचा चहा सोडला. पहिले तीन-चार दिवस डोकें ठणकलें, मग थांबलें. रात्रीं साडेदहाला दिवा मालवणें, सकाळीं उन्हांत अर्धा तास चालणें, हलका डबा, पाण्याचा तांब्या, मूठभर शेंगदाणे-फुटाणे, दर तासाला खुर्ची सोडून दोन येरझाऱ्या, आणि साधेल तेव्हां वीस मिनिटांची वामकुक्षी, एवढीच आमची औषधयोजना. पुणेकरांची वामकुक्षी हा आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. थट्टा करणारे मात्र दुपारीं तीनला पेंगत असतात.

“हें प्राध्यापकाला शोभतें, आम्हांस कोण झोपूं देतो?” असें कोणी म्हणेल. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच हा लेख. जी विश्रांति मागून घ्यावयाची, तिच्याऐवजीं आपण पेला मागतों. तो फुकट मिळतो, कारण मालकाला तो विश्रांतीहून स्वस्त पडतो. कचेरीनें पुढें केलेला पांचवा पेला नम्रपणें परत करावा, आणि त्याऐवजीं अर्धा तास मागावा.