एकवार, दोनवार, तीनवार

‘लिलाव’ हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला. त्यांच्या ‘लेइलांव’चा आपण लिलाव केला, आणि आता तो कोणास परका वाटत नाही. सणाच्या दिवशी मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात अर्पणाचा माल मांडलेला असतो. केळीचा घड, नारळ, पाय बांधलेला एखादा कोंबडा. आणि पुकारा करणारे गृहस्थ ‘एकवार, दोनवार’ म्हणत हात उंच धरून उभे. हे दृश्य आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तेथे नारळाला बाजारभावाच्या कितीतरी पट किंमत येते, तरी कोणी फसला असे कोणी म्हणत नाही. देणारा, घेणारा आणि पुकारणारा एकमेकांस ओळखतात. पैसा कोठे जावयाचा हेही सर्वांस ठाऊक असते.

आज आम्ही ज्या लिलावाविषयी लिहिणार आहोत, त्याला अंगण नाही आणि माणसांचे चेहरेही नाहीत. तो संगणकाच्या किंवा हातातल्या फोनच्या पडद्यावर चालतो. विकणारा बेळगावात, घेणारा बडोद्यात आणि दोघांची कधी गाठ पडावयाची नाही. अशा ठिकाणी शहाण्या माणसाने कसे वागावे, हे आम्हांस एका प्रसंगाने शिकविले. तोच वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या आळीत एक मावशी राहतात. त्यांचे यजमान मूळचे गोव्याचे, व्यवसायाने शिक्षक. त्यांना टपालाच्या तिकिटांचा नाद होता. ते गेल्यावर तीन वह्या कपाटात पडून राहिल्या. यंदा पावसाळ्यापूर्वी घराचे दोन वासे बदलणे आणि कौले फिरवून घेणे भाग झाले, तेव्हा मावशींनी वह्या बाहेर काढल्या. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी घरी आला, पाने भराभर उलटली आणि ‘तिन्ही मिळून तीन हजार’ म्हणाला. मावशींना ते कमी वाटले. पण किती योग्य हेही सांगता येईना. त्यांच्या नातवाने इंटरनेटवरील लिलावाची गोष्ट काढली आणि दोघेही आमच्याकडे आले.

हा प्रकार सुरू कसा झाला ते प्रथम सांगतो. १९९५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे पियेर ओमिद्यार या तरुणाने एक लिलावस्थळ काढले. तेच पुढे ‘ईबे’ म्हणून प्रसिद्ध झाले. तेथे पहिल्याने विकली गेलेली वस्तू होती एक मोडका लेझर पॉइंटर, म्हणजे भिंतीवर प्रकाशाचा ठिपका पाडणारी लेखणीएवढी कांडी. ती १४ डॉलर ८३ सेंटांस गेली. ओमिद्यारला आश्चर्य वाटून त्याने घेणाऱ्यास विचारले, ‘वस्तू मोडकी आहे हे आपण वाचले ना?’ त्यावर ‘मी मोडकेच जमवितो’ असे उत्तर आले, असे सांगतात. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मावशींच्या प्रकरणात ती पुन्हा येणार आहे. भारतात ‘बाझी’ नावाचे असेच स्थळ होते. २००४ साली ते ईबेने घेतले आणि २०१८ साली ईबेचे भारतीय स्थळ बंद पडले. तरी लिलाव थांबले नाहीत. नाणी व तिकिटे विकणाऱ्या मुंबई-बंगळूरकडील संस्था आता आपले लिलाव इंटरनेटवरूनही चालवितात, आणि बँका कर्जापोटी जप्त केलेली घरेसुद्धा याच मार्गाने विकतात.

आता घेणाऱ्याविषयी. पुष्कळ स्थळांवर बोलीची रीत अशी असते: वस्तूसाठी आपण जास्तीत जास्त किती देऊ, तो आकडा गुप्तपणे भरून ठेवावयाचा. समजा, आम्ही एक हजार रुपये भरले आणि दुसऱ्या कोणी सातशे भरले. बोली वीस-वीस रुपयांनी चढत असेल, तर यंत्र आमच्या वतीने सातशेवीसवर थांबते. वस्तू आम्हांस मिळते, आणि आमच्या हजारांतील दोनशेऐंशी आमच्याजवळच राहतात. दुसऱ्याच्या बोलीने किंमत ठरावयाची, ही युक्ती संगणकाच्या फार आधीची आहे. १८९३ सालीच अमेरिकेतील तिकिटांच्या व्यापाऱ्यांनी टपालाने आलेल्या बोलींसाठी ती वापरली होती. १९६१ साली विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने तिचे मर्म गणिताने मांडले. अशा लिलावात प्रत्येकाने आपल्या मनातील खरी किंमत सांगावी, यातच त्याचे हित आहे. कमी सांगून लाभ नाही आणि अधिक सांगण्यात धोका आहे. विकरी यांना १९९६ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि त्यानंतर तीनच दिवसांनी त्यांचे निधन झाले.

हे सर्व आम्हांस ठाऊक होते. तरी आम्ही ठेच खाल्ली, हे कबूल केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी भिंतीवरचे एक जुने घड्याळ आमच्या मनात भरले. चार हजारांच्या वर जावयाचे नाही, असा निश्चय करून बसलो. लिलाव रविवारी रात्री नऊला संपणार होता. नऊला पाच मिनिटे असताना कोणी आमच्यावर शंभर चढविले. आम्ही दोनशे चढविले. समोरचा कोण, हे आम्हांस ठाऊक नव्हते; पण तो आमचा अपमान करीत आहे असे वाटू लागले. नऊ वाजले तेव्हा घड्याळ आमचे झाले होते, साडेआठ हजारांस. वर आणण्याचा खर्च निराळा. ते आले तेव्हा त्याचा लंबक अडकत होता. आणि वर्णन पुन्हा वाचले तर ‘चालू स्थितीत’ असे शब्द त्यात कोठेच नव्हते. चूक आमचीच होती. घड्याळाची किंमत आम्ही सोमवारपासून शनिवारपर्यंत ठरविली होती. रविवारी मोल दिले ते जिंकण्याचे.

तेव्हापासून आमचा नियम असा: बोलीचा आकडा आदल्या दिवशी कागदावर लिहावा, त्यातच टपालखर्च आणि कर धरावा, एकदाच तो भरावा आणि पडदा बंद करावा. पुष्कळ लिलावसंस्था अखेरच्या बोलीवर आपले अधिमूल्य शेकड्याने घेतात व त्यावर कर असतो. दहा हजारांची वस्तू दहा हजारांस पडत नाही. वर्णन दोनदा वाचावे. जे लिहिलेले नाही ते आहे असे समजू नये. विकणाऱ्याविषयी पूर्वीच्या ग्राहकांनी दिलेले अभिप्राय पाहावेत, आणि शंका असेल तर बोलीपूर्वी विचारावी. बोली हे वचन आहे. वस्तू लागल्यावर ‘विचार बदलला’ म्हणणे सभ्यपणाचे नव्हे.

आता मावशींच्या वह्यांकडे वळू. आम्ही तिघे एक दुपारभर त्या पाहत बसलो. मास्तरांनी प्रत्येक पानावर सुबक अक्षरात साल लिहून ठेवले होते, म्हणून काम सोपे झाले. बहुतेक तिकिटे पोर्तुगीज अमदानीतील गोव्याची होती. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या मृत्यूला चारशे वर्षे झाली तेव्हा, १९५२ साली, निघालेली काही होती. १९५९ साली गोव्यात रुपयाऐवजी एस्कुदो हे चलन आले. त्या वेळी जुन्या तिकिटांवर नवी किंमत ठोकली गेली, तीही होती. आणि एका पानावर संतांच्या शवदर्शनाच्या निमित्ताने १९३१ साली निघालेला संच होता. व्यापाऱ्याने ते पान उलटताना हात थोडा थांबविला होता, हे मावशींनी तेव्हाच हेरले होते.

किंमत ठरविताना नातवाने पहिली चूक केली. लोक काय मागतात ते पाहून तो हरखला. मागावयास कोणीही लाख मागेल! आम्ही त्यास संपलेल्या लिलावांतील आकडे काढावयास सांगितले: कोणती वस्तू, कोणत्या स्थितीत, खरोखर कितीस गेली. वीस-पंचवीस नोंदी पाहिल्यावर खरा भाव कळला. तो स्वप्नाएवढा नव्हता, पण तीन हजारांहून पुष्कळ वर होता. मग तिकिटांचे लहान गट केले. कारण सर्व एकत्र विकली तर चांगल्यांबरोबर सामान्यही घाऊक भावात जातात. छायाचित्रे खिडकीच्या उजेडात, पुढून आणि मागून, शेजारी मोजपट्टी ठेवून घेतली. आरंभाची किंमत बेताची ठेवली. दार उघडे दिसले म्हणजे माणसे आत येतात. मात्र ज्याखाली विकावयाचे नाही, ती राखीव किंमत त्या स्थळाच्या नियमाप्रमाणे नोंदविली.

येथे वाद झाला. १९३१च्या संचातील एका तिकिटाचा कोपऱ्याचा दाता तुटलेला होता आणि पाठीमागे कागद विरळ झाला होता. पुढून पाहता काहीच दिसत नव्हते. नातू म्हणाला, ‘मागची बाजू नको दाखवायला. विचारले तर सांगू.’ आम्ही क्षणभर गप्प राहिलो, हेही कबूल करतो. वासे डोळ्यांपुढे होते. मावशी म्हणाल्या, ‘यांनी वर्गातल्या पोरांना तीस वर्षे खरे बोला म्हणून सांगितले. त्यांच्या वहीवर खोटे लिहायचे नाही.’ वर्णनाच्या पहिल्याच ओळीत दोष लिहिला गेला.

दुसरे दिवशी मावशींनी पेटीतून आणखी एक वस्तू आणली. सासूबाईंकडून आलेली, हस्तिदंतात कोरलेली एक लहान मूर्ती. हीही विकावी का? आम्ही नको म्हटले. गोव्याकडील व इतर जुन्या घरांतील वाचकांनी हे नीट लक्षात घ्यावे. हस्तिदंताचा व्यापार भारतात कायद्याने बंद आहे. तसेच १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीची मूर्ती, चित्र किंवा नाणे खाजगी माणसास परदेशी पाठविता येत नाही, आणि पुरावस्तूंच्या धंद्यास परवाना लागतो. पडद्यावर परदेशी ग्राहक कितीही मोठा आकडा टाको. तो मोह आहे. मूर्ती पुन्हा देव्हाऱ्यात गेली, आणि मावशींना त्याचे वाईट वाटलेले दिसले नाही.

लिलाव सात दिवस चालला. तिसऱ्या दिवशी एका अनोळखी गृहस्थाचा फोन आला. ‘लिलाव कशाला, मी सगळे घेतो, हे चित्र फोनवर स्कॅन करा आणि आपला गुप्त क्रमांक घाला, पैसे जमा होतील.’ सुदैवाने नातू जवळ होता. वाचकहो, हे वाक्य पाठ करा: पैसे घेण्यासाठी गुप्त क्रमांक कधीही घालावा लागत नाही; तो लागतो पैसे देण्यासाठी. लिलावस्थळाबाहेर सौदा करू नये, पैसे खात्यात आल्याची खात्री बँकेकडे पाहूनच करावी, आणि फसवणूक झालीच तर लाजेने घरात न बसता १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितका उशीर, तितका पैसा दूर जातो.

विकणाऱ्यानेही एक पाप टाळावयाचे असते. भाव चढावा म्हणून आपल्याच मित्राकरवी बोली लावविणे, हे नातवाच्या एका सोबत्याने सुचविले होते. चर्चच्या अंगणात कोणी असे केले असते तर पुकारा करणाऱ्याने त्यास नावाने हाक मारून गप्प केले असते. पडद्यामागे हाक मारणारे कोणी नाही, म्हणूनच आपण स्वतःला हाक मारली पाहिजे.

लिलाव संपला. दोषाचे तिकीट असलेल्या संचास, दोष नसता तर आली असती त्याहून बरीच कमी किंमत आली. हे लपविण्याचे कारण नाही. पण तो संच ज्याने घेतला, त्याच गृहस्थाने बाकीच्या गटांपैकी चार घेतले. पैसे पोहोचल्यावर त्याने दोन ओळी लिहिल्या: पहिल्या ओळीत दोष वाचला, म्हणून बाकीच्या वर्णनांवर विश्वास ठेवला. तिकिटे जाड पुठ्ठ्यांत, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून स्पीड पोस्टाने विमा उतरवून गेली. सर्व मिळून व्यापाऱ्याच्या आकड्याच्या सहापट रक्कम हाती आली. त्यांत दोन्ही वासे झाले आणि पश्चिमेकडची कौले झाली. पूर्वेकडची पुढील वर्षावर गेली.

रिकाम्या वह्या मावशींनी टाकल्या नाहीत. तिकिटे गेली तरी पानांवर मास्तरांच्या हातची साले तशीच आहेत. परवा पहिला जोराचा पाऊस झाला तेव्हा आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. पूर्वेकडे एक भांडे ठेवलेले होते आणि त्यात थेंब पडत होते. मावशी म्हणाल्या, ‘एवढे चालेल.’