खांदा बसला, पुढे काय?

करंजाहून आलेल्या तरीतून रेवसला उतरताना माझ्या आत्येभावाने आधारासाठी दोर धरला आणि त्याचा उजवा खांदा निखळला. चौथ्यांदा! पहिल्यांदा कबड्डीत, मग जाळं ओढताना, एकदा तर चक्क झोपेत. दर वेळी कोणीतरी बगलेत पाय लावून हात ओढतं, खट्‌कन खांदा बसतो आणि चार दिवसांत दादा परत होडीवर. गावात याला मर्दपणा म्हणतात. आपल्या होस्टेलच्या ग्राउंडवर तरी काय वेगळं चालतं?

माझ्या मते हा शुद्ध वेडेपणा आहे. असं ओढताना नस दुखावू शकते, आधीच मोडलेलं हाड सरकू शकतं. हात झोळीत घालून दवाखाना गाठायचा आणि एक्स-रे काढायचा, बस्स.

मेकॅनिकलवाल्यांना पुढचं लगेच कळेल. खांद्याची वाटी उथळ, गोळा मोठा. वाटीच्या काठावर कूर्चेचं कडं असतं, ते गोळ्याला अडवतं. खांदा पुढच्या बाजूला निखळला की बहुतेकदा हे कडं हाडापासून सुटतं. बँकार्ट नावाच्या इंग्रज सर्जनने १९२३ मध्येच हे मांडलं होतं. गोळा जागेवर बसला तरी कडं सुटलेलंच राहतं. विशीच्या आतबाहेरच्या पोरांचा खांदा म्हणूनच पुन्हा पुन्हा निखळतो.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सेंटीमीटरभराची दोन-तीन भोकं पाडतात. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून अवजारं. वाटीच्या काठात बारीक 'अँकर' बसवून त्यांच्या धाग्यांनी कडं पुन्हा बांधतात. मात्र दर खेपेला काठाचं हाड झिजत गेलं, तर एवढ्याने भागत नाही. मग हाडाचा तुकडा आणून वाटीला जोडावा लागतो. "बघू पुढच्या वेळी" महागात पडतं ते असं.

भोकांची भीती कोणालाच नाही, भीती आहे नंतरच्या महिन्यांची. चारेक आठवडे हात झोळीत, मग व्यायाम, आणि ओढाताणीचं काम साधारण सहा महिन्यांनी. आत्या विचारते, "तवर जालं कोन वढनार?" तिचा प्रश्न रास्त आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ते दोन महिने सुटले. उरलेले चार? दादाने मासळीचा हिशेब बघावा, जाळं चुलतभावांनी ओढावं, दिवाळीच्या सुट्टीत मी आहेच. हे आत्याला सांगितलं तर ती माझ्या दंडाकडे बघून हसली. "हो" मात्र अजून म्हणालेली नाही.