खेळाचा तास परत द्या

१५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूर येथे भारताने पाकिस्तानला २-१ असे नमवून हॉकीचा विश्वचषक जिंकला. रेडिओवरील समालोचन ऐकलेली घाटकोपरच्या आमच्या चाळीतील मुले दुसऱ्या दिवशी, रविवारी, वाकड्या फांद्या घेऊन अंगणात उतरली. खरी स्टिक कोणापाशीच नव्हती, चेंडू चिंध्यांचा होता. आणि विजयी गोल करणारा अशोककुमार कोणी व्हायचे, यावरून रोज तंटा होई.

पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर घसरला. खेळ खर्चिक झाला. मुंबईतील हॉकीचे प्रमुख मैदान चर्चगेटला. बोरिवली-मुलुंडच्या मुलाला तेथे पोचायलाच लोकलचा तासाभराचा प्रवास. म्हणून उपनगरांत हॉकी रुजत नाही, असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. चार ऑलिंपिक स्पर्धा खेळलेला धनराज पिल्ले खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या काठ्यांनीच खेळू लागला. कृत्रिम हिरवळ पुढे लागते. आरंभी मुलाला हवी असते ती थोडी मोकळी जमीन, चार सोबती आणि एक तास.

तो तास कोणी हिरावला? प्रस्तुत लेखकाला येथे स्वतःकडेच बोट दाखवावे लागते. तीस वर्षांच्या अध्यापनात दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास मी कितीदा तरी बीजगणितासाठी मागून घेतला. अभ्यासक्रम पुरा झाला, पालक संतुष्ट झाले, मुलांनी तक्रार केली नाही. खेळ ही मागण्याची गोष्ट नव्हे, हे आम्हीच त्यांना शिकवले होते. आता तेच पालक कोणत्या खेळाने वाढीव गुण मिळतात, याची चौकशी करतात.

शाळांची पटांगणे संध्याकाळी दोन तास परिसरातील मुलांसाठी उघडी राहिली पाहिजेत. देखरेख कोणी करावी, दुखापत झाल्यास जबाबदार कोण, हे प्रश्न खरे आहेत. परंतु पालकांनी आळीपाळीने उभे राहायचे ठरवले, तर ते असाध्य नाहीत. टोकियो (२०२१) व पॅरिस (२०२४) येथील कांस्यपदकांनी हरखलेल्या समाजाकडून एवढी अपेक्षा गैर नव्हे.

मी निवृत्त झालो; मी घेतलेले तास त्या मुलांना परत मिळणार नाहीत. ज्यांच्या हाती अद्याप वेळापत्रक आहे, त्यांनी उद्याचा खेळाचा तास तरी मागू नये.