पुडीतला बटाटा आणि घरातले श्रम

बटाटा घरी उकडून कुस्करावा, की कारखान्यात वाळविलेला त्याचा चुरा गरम पाण्यात कालवून पानात वाढावा, हा प्रश्न पक्षाच्या साप्ताहिकात चर्चेस घेण्याजोगा आहे काय, अशी शंका काही कार्यकर्त्यांना येईल. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव हे विषय सोडून प्राध्यापक महाशय स्वयंपाकघरात कशाला शिरले, असेही कोणी म्हणेल. परंतु १९७२-७३ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदी भगिनींनी मुंबईच्या रस्त्यांवर लाटणे मोर्चे काढले, तेव्हाच स्वयंपाकघर हे राजकारणाचे क्षेत्र आहे हे महाराष्ट्राने पाहिले. त्या आंदोलनाने स्वयंपाकघरात येणाऱ्या वस्तूंच्या किमतीचा प्रश्न विचारला. त्या वस्तूंवर तेथे जे श्रम होतात त्यांच्या किमतीचा प्रश्न मात्र आपण अजून नीटसा विचारलेला नाही. तो विचारण्यास बटाट्याचे उदाहरण सोयीचे आहे. कारण ब्रिटन, अमेरिका व कॅनडा या देशांत हा वाद काही दशके चालला असून त्याचा जमाखर्च आता मांडता येतो.

त्या देशांत लोणी-दूध घालून कुस्करलेला बटाटा म्हणजे आपल्याकडील भात-भाकरीसारखे नित्याचे अन्न. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला वाळविलेला बटाटा पुरविण्यात आला होता. युद्धानंतर अमेरिकेत बटाट्याचा दरडोई खप घसरत चालला होता आणि पीक तर भरघोस येत होते. १९५०च्या दशकात फिलाडेल्फियाजवळील सरकारी कृषी प्रयोगशाळेत यावर उपाय शोधण्यात आला. सोललेल्या बटाट्याच्या चकत्या सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात वीसेक मिनिटे ठेवायच्या, थंड करायच्या, मग वाफवून कुस्करायच्या आणि वाफेने तापविलेल्या फिरत्या रुळावर पातळ थर देऊन काही सेकंदांत वाळवायच्या. पहिल्या दोन पायऱ्यांमुळे स्टार्च पेशींतच राहतो व पाणी घातल्यावर बटाट्याची खळ होत नाही. कॅनडाच्या कृषी खात्यातील एडवर्ड ॲसलबर्ग्ज यांनीही १९६०च्या दशकाच्या आरंभी याच दिशेने काम केले. ही पुडी गृहिणीच्या मागणीतून जन्मास आली नाही, शिल्लक मालाच्या चिंतेतून जन्मास आली, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. मागणी मागाहून निर्माण करण्यात आली.

ती कशी निर्माण केली, हे ब्रिटनमधील ‘स्मॅश’ या कॅडबरीच्या पुडीच्या जाहिरातींवरून दिसते. १९७०च्या दशकात दूरचित्रवाणीवर गाजलेल्या या जाहिरातींत मंगळावरचे यंत्रमानव पृथ्वीवासीयांना हसतात: हे लोक बटाटे सुरीने सोलतात, उकळतात, मग ठेचून त्यांचा भुगा करतात, केवढे मागासलेले! प्रेक्षकही हसले. परंतु हे हसणे कोणाला होते? रोज संध्याकाळी कामावरून घरी येऊन बटाटे सोलणारी जी व्यक्ती होती, तिला. तिचे श्रम जाचक आहेत असे जाहिरात म्हणत नव्हती. ते हास्यास्पद आहेत असे म्हणत होती.

याच्या विरुद्ध बाजूस घरच्या अन्नाचे कैवारी उभे असतात. आईच्या हाताची चव, घासामागची माया, कुटुंबाचे स्वास्थ्य ही त्यांची भाषा. तिच्यात तथ्य नाही असे नव्हे. घरी ताजा कुस्करलेला बटाटा चवीला सरस असतो, हे पुडी विकणाराही मनातल्या मनात मान्य करील. वाळविण्याच्या क्रियेत क जीवनसत्त्वाचा मोठा अंश नष्ट होतो, हेही खरे. आणि ब्रिटनच्या कामगार कुटुंबाला हिवाळ्यात हे जीवनसत्त्व मुख्यतः बटाट्यातूनच मिळत आले, ही गोष्ट किरकोळ नाही. पण चवीची महती गाणारा आणि बटाटा सोलणारा हे बहुधा एकच नसतात. एक बाजू या कामाला खुळेपणा म्हणते, दुसरी त्याला वात्सल्य म्हणते. ते श्रम आहेत, त्यांना वेळ लागतो आणि तो वेळ कोणाच्या तरी आयुष्यातून जातो, हे दोन्ही बाजू सांगत नाहीत.

वाळविलेले अन्न हे मुळातच परके वा भांडवलशाहीचे पाप आहे, असे मानण्याचेही कारण नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातले शेतकरी शतकानुशतके रात्रीच्या थंडीत बटाटे गोठवतात, दिवसा उन्हात ठेवतात, पायांनी तुडवून पाणी काढतात आणि ‘चुन्यो’ या नावाने वर्षानुवर्षे साठवितात. आपल्याकडे तरी वेगळे काय होते? चैत्र-वैशाखात गच्चीवर वाळत घातलेला बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या पापड्या, कुरडया, शेवया हे सगळे आयत्या वेळी तळून वा उकळून वाढण्याचेच पदार्थ. फरक एवढाच की ते चाळीतल्या किंवा आळीतल्या बायका आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी जमून करीत. त्या वाळवणात श्रम होते, पण ते वाटून घेतलेले होते आणि तयार झालेला माल करणारीच्या डब्यात जात होता. तेव्हा आक्षेप यंत्राला नाही, वाळविण्यालाही नाही. प्रश्न आहे तो श्रमांच्या वाटणीचा आणि मालकीचा.

पुडीने वेळ वाचतो हा तिचा मुख्य दावा. तो तपासून पाहू. एका वेळच्या बटाट्यापुरता तो खराच आहे. अर्ध्या तासाचे काम पाच मिनिटांत होते. पण दिवसाचे काय? जोॲन व्हॅनेक या अभ्यासिकेने १९७४ साली अमेरिकेतील आकडे प्रसिद्ध केले. १९२०च्या दशकात पूर्णवेळ गृहिणी आठवड्यास सुमारे ५२ तास घरकाम करीत होती. १९६०च्या दशकात, वीज, नळ, धुलाईयंत्र व डबाबंद अन्न घरात आल्यानंतर, ती सुमारे ५५ तास करीत होती. १९८३ साली रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार विदुषीने याची मीमांसा केली. यंत्रे आली तशा अपेक्षा वाढल्या. जेवणात पदार्थ वाढले, कपडे वरचेवर धुतले जाऊ लागले. शिवाय पूर्वी पुरुष, मुले वा नोकर जी कामे करीत ती यंत्रांमुळे नाहीशी झाली अथवा एकट्या गृहिणीकडे आली. म्हणजे वाचलेला वेळ तिच्या हाती आलाच नाही. तो दुसऱ्या कामात जिरला. कामाचे साधन बदलले आणि कामाची वाटणी तशीच राहिली, तर याहून निराळे घडणे संभवत नाही.

आता किमतीचा विचार करू. बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. म्हणून एक किलो चुऱ्यासाठी पाचेक किलो बटाटा लागतो. गिऱ्हाईक बटाट्याखेरीज वाळविण्याचे इंधन, पुडी, वाहतूक, जाहिरात आणि नफा यांचे पैसे मोजते, आणि पाणी पुन्हा आपल्याच नळाचे घालते. तरीही ब्रिटनमधील ज्या कामकरी बाईने ही पुडी घेतली तिला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आठ तास उभे राहून आलेल्या स्त्रीने अर्धा तास विकत घेतला, हा तिचा आळस नव्हे. तिला तो विकत घ्यावा लागला, हा समाजव्यवस्थेवरील आरोप आहे.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाने तर या अन्यायावर शिक्कामोर्तबच केले आहे. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली दाखविलेली विसंगती मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो: गृहस्थाने पगारी घरकामवालीशी लग्न केले की राष्ट्रीय उत्पन्न घटते. मुले हसत, मुली क्वचितच हसत. याच न्यायाने कारखान्याने कुस्करलेल्या बटाट्याचे श्रम देशाच्या उत्पन्नात जमा होतात. घरात कुस्करलेल्याचे होत नाहीत. जे मोजलेच जात नाही त्याची वाटणी मागणार कशी?

आपल्या देशात २०२४ साली झालेल्या वेळ-वापर सर्वेक्षणाने निदान मोजण्याचे काम केले आहे. सहा वर्षांवरील ज्या स्त्रिया घरातील बिनमोल कामे करतात त्यांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात. जे पुरुष करतात त्यांची ८८. आणि अशी कामे करणाऱ्या स्त्रिया पाचांपैकी चार आहेत, पुरुष चारांपैकी जेमतेम एक. हे घरचे जेवण, आणि ही त्यामागची माया!

मराठी घरात कुस्करलेल्या बटाट्याची पुडी रुजलेली नाही. तिची जागा येथे तयार पीठ, इडली-डोशाचे आंबवलेले पीठ आणि कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातील पोळ्यांनी घेतली आहे. वाद मात्र तोच, आणि त्यात आपल्याकडे एक भर आहे. मध्यमवर्गीय घराने पोळ्या विकत घेतल्या म्हणजे श्रम नाहीसे होत नाहीत. ते दुसऱ्या, बहुधा अधिक गरीब, स्त्रीच्या हाती जातात. तिला त्याचे काय मिळते, हा खरा प्रश्न होय. या बाबतीत मुंबईने काही धडे घालून दिले आहेत. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातून लिज्जत ही लाटणाऱ्या बायकांच्याच मालकीची संस्था उभी राहिली. १९७५ साली कामगार चळवळीतील प्रेमाताई पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले व सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. काम स्वयंपाकाचेच राहिले. पण त्याला दाम आला आणि करणारीला आवाज आला.

येथून पुढची पायरी सार्वजनिक स्वयंपाकघराची. ही कल्पना नवी नाही. ऑगस्ट बेबेल यांनी १८७९ सालच्या आपल्या ग्रंथात स्त्रीमुक्तीच्या संदर्भात ती मांडली होती. युद्धकाळात ब्रिटनने ती थोडीफार अमलातही आणली: ‘ब्रिटिश रेस्टॉरंट’ या नावाची स्थानिक संस्थांची भोजनगृहे १९४३ साली दोन हजारांवर गेली होती. १९४४च्या शिक्षण कायद्याने शाळेतील जेवण ही स्थानिक प्रशासनाची जबाबदारी ठरली. १९८०च्या कायद्याने थॅचर सरकारने ती जबाबदारी सैल केली आणि पोषणाचे किमान निकष काढून टाकले. समाजाने हात काढून घेतला की जेवणाचा भार पुन्हा आईवर नाहीतर पुडीवर येऊन पडतो.

भारतात याच्या उलट दिशेचे एक मोठे पाऊल पडले. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना शिजविलेले दुपारचे जेवण देण्याचा आदेश दिला. २००७-०८च्या सुमारास बिस्किट उत्पादकांच्या संघटनेने खासदारांकडे पत्रव्यवहार करून त्याऐवजी बिस्किटांचे पुडे द्यावेत असा आग्रह धरला, आणि काही खासदारांनी त्याची शिफारसही केली. तो डाव फसला, हे बरे झाले. गरम खिचडीच्या पातेल्याभोवती सर्व जातींची मुले एका पंगतीत बसतात. पुड्याने पंगत होत नाही. स्वयंपाकाचे काम देताना दलित स्त्रियांना प्राधान्य द्यावे, असे न्यायालयाने २००४ साली सांगितले. त्यांच्या हातचे खाण्यास नकार देण्याचे प्रकार देशात आजही घडतात. म्हणूनच ते पातेले चुलीवर राहिले पाहिजे. परंतु ते ढवळणाऱ्या बाईला केंद्र सरकारने २००९ साली किती मानधन ठरविले? महिन्यास १००० रुपये, तेही वर्षातून दहा महिने. स्वयंपाक ही बाईची माया आहे, मग तिला वेतन कशाला, हा घरातला विचार येथे सरकारी आदेशाचा पोशाख घालून उभा आहे.

यावर आक्षेप येईल की सार्वजनिक स्वयंपाकघरे आली तर घरची चूल विझेल आणि सगळ्यांना एकाच चवीचे रटाळ अन्न गिळावे लागेल. चूल विझविण्याची मागणी कोणी केलेली नाही. रोज दोन वेळा, न चुकता, एकाच व्यक्तीने ती पेटविलीच पाहिजे, या सक्तीला आमचा विरोध आहे. सक्ती गेली की सणावारी हौसेने केलेल्या पुरणपोळीची गोडी कमी होत नाही. उलट तिला खऱ्या अर्थाने माया म्हणता येते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी या प्रश्नात पुडीचा पक्ष घेऊ नये आणि आईच्या हाताच्या चवीचाही घेऊ नये. आपल्या गावातील शाळेत जेवण शिजविणाऱ्या बाईस किमान वेतन मिळावे, यासाठी पंचायतीपासून विधानसभेपर्यंत आवाज उठवावा. पोळी-भाजी केंद्रांतील बायकांना संघटित करावे, त्यांच्या सहकारी संस्था उभारण्यास साहाय्य करावे. शिबिरांत आणि अधिवेशनांत स्वयंपाकाचे काम आजवर कोणाच्या वाट्याला येत गेले याचा हिशेब करावा, आणि पुढच्या शिबिरात पाळ्या लावाव्यात. राहता राहिले आपले स्वतःचे घर. बटाटा सोलण्यास कोणतीही पदवी लागत नाही, आणि पुरुषाच्या हातातही सुरी तितकीच चालते. समतेवर व्याख्यान देऊन घरी परतणाऱ्या कार्यकर्त्याने रोज तासभर तरी ती हाती घ्यावी. सर्वेक्षणातील ते ८८ आणि २८९ हे आकडे जवळ आणण्याचे काम कोणत्याही सरकारच्या परवानगीवाचून आजच सुरू करता येण्यासारखे आहे.