हिरवळ हिरवी आहे, पण जिवंत आहे का?



गेल्या जुलैत आमच्या होमओनर्स असोसिएशनचं पत्र आलं. भाषा गोड, मजकूर कडक. घरासमोरच्या वाफ्यात तण माजलं आहे, चौदा दिवसांत काढा, नाहीतर दंड भरा. सोबत पुरावा म्हणून फोटो. फोटोतलं 'तण' म्हणजे मी तीन वर्षं सांभाळलेलं मिल्कवीड. फोटो मोठा करून पाहिला, तर एका पानावर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मोनार्क फुलपाखराची अळी स्पष्ट दिसत होती. फोटो काढणाऱ्याला मात्र ती दिसली नव्हती.

समितीत तीन जण. त्यातले एक आपलेच, मराठी. गणपतीत आरतीला शेजारी उभे असतात. त्यांना फोन केला. म्हणाले, "वहिनी, माझं व्यक्तिशः काही नाही हो. पण सगळ्यांच्या घरांच्या किमतीचं बघायला नको का? आणि खरं सांगू का, ते जरा गबाळं दिसतं."

मला त्यांचा राग आला नाही, कारण पंधरा वर्षं मीही तेच म्हणत होते. वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमधलं हे घर घेतलं तेव्हा सगळ्यात जास्त अप्रूप होतं ते लॉनचं. पुण्यात दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये वाढलेल्या माणसाला स्वतःचं हिरवंगार अंगण म्हणजे आपण 'पोचलो' याची पावतीच. दर शनिवारी हे लॉनमोअर चालवायचे आणि मी खत, तणनाशक आणि डासांचा फवारा यांची वर्गणी भरायचे. अंगण गालिच्यासारखं दिसायचं, आणि गालिच्यावर जेवढं जगतं तेवढंच त्याच्यावरही जगायचं.

मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही, डेटाबेस सांभाळून पोट भरते. पण आकडे वाचायची सवय आहे, म्हणून काही आकडे सांगते. अमेरिकेत लॉन किती जागा व्यापतं याचा अंदाज 2005 मध्ये उपग्रहचित्रांच्या मदतीने काढला गेला. तो निघाला सुमारे 1,60,000 चौरस किलोमीटर. आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त! एवढ्या जमिनीवर आपण दोन-चार जातींचं गवत वाढवतो, त्याला फुलं येण्याआधी कापतो आणि त्यात दुसरं काही उगवलं तर मारतो. उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांची मोजदाद 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. 1970 पासून जवळजवळ तीन अब्ज पक्षी कमी झाले आहेत. या घटीला एकटं लॉन जबाबदार नाही. शेती, कीटकनाशकं, मांजरं, काचेच्या इमारती अशी बरीच कारणं आहेत. पण लॉन हे त्यातलं आपल्या हातातलं कारण आहे.

मोनार्कची मादी अंडी घालते ती फक्त मिल्कवीडच्या जातीच्या झाडांवर, कारण तिच्या अळ्या दुसरं काहीच खात नाहीत. इथून दक्षिणेला निघालेली ही फुलपाखरं मेक्सिकोच्या डोंगरांत हिवाळा काढतात. तिथे ती किती हेक्टर जंगलावर बसतात, यावरून त्यांची संख्या मोजतात. 1996-97 च्या हिवाळ्यात ही जागा सुमारे 18 हेक्टर होती. 2023-24 मध्ये ती 0.9 हेक्टरवर आली. पुढच्या वर्षी थोडी सुधारून 1.79 हेक्टर झाली. शेतांच्या बांधांवरचं आणि रस्त्याकडेचं मिल्कवीड तणनाशकांनी गेलं, हे यामागचं एक मोठं कारण मानलं जातं.

हे मिल्कवीड आपल्याला अगदीच अनोळखी नाही. शनिवारी मारुतीला ज्या रुईच्या पानांची माळ घालतात, ती रुई याच कुळातली. तोच पांढरा चीक, तेच हवेत उडणारे म्हाताऱ्यांसारखे बी. आणि आपल्याकडे रुईवर वाढणारं प्लेन टायगर हे नारिंगी फुलपाखरू म्हणजे मोनार्कचं चुलत भावंडच. पुण्यात रिकाम्या प्लॉटवर उगवायची ती रुई. तिला कोणी लावत नव्हतं आणि कोणी उपटतही नव्हतं. असे ना-लावलेले, ना-उपटलेले तुकडे आता शहरांतून संपत चालले आहेत, तिकडेही आणि इकडेही.

'परकी' झाडं आणि परके आपण

आता एका अडचणीच्या प्रश्नाकडे येते. इथल्या बागप्रेमींच्या सभेला पहिल्यांदा गेले, तेव्हा 'नेटिव्ह', 'एलियन', 'इन्व्हेजिव्ह' हे शब्द ऐकून अंगावर काटा आला. विमानतळावर 'एलियन'ची रांग आपण सगळ्यांनी अनुभवली आहे. "जिथून आलात तिथे परत जा" हे वाक्यही आपल्यातल्या काहींनी ऐकलं आहे. मग 'परकं उपटा, देशी लावा' या घोषणेला आपण टाळ्या वाजवायच्या का?

मला हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. पण त्याचं उत्तर आहे असं वाटतं. माणसं एका पिढीत नवी भाषा शिकतात, नवं अन्न खातात. अळीला ते जमत नाही. प्रत्येक झाड स्वतःला वाचवायला पानात काही ना काही विष भरतं. ते विष पचवायची युक्ती कीटकांच्या एखाद्या जातीने हजारो-लाखो वर्षांत कमावलेली असते. म्हणून इथल्या ओकवर पतंग-फुलपाखरांच्या शेकडो जातींच्या अळ्या पोसतात आणि चीनहून आणलेल्या गिंकोला जवळजवळ कोणी तोंड लावत नाही. तेव्हा प्रश्न 'हे झाड कुठून आलं?' हा नाही. प्रश्न आहे 'याच्यावर कोण जगतं?' हा.

अळ्या हव्यात कशाला, असं विचाराल तर चिकॅडी नावाच्या मुठीएवढ्या पक्ष्याकडे बघा. एका वेळची पिल्लं मोठी करायला या जोडप्याला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात. आमच्याच भागात, वॉशिंग्टनच्या उपनगरांतल्या घरांच्या परसांत, या पक्ष्यांचा अभ्यास झाला. तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या परसात स्थानिक झाडझाडोरा सत्तर टक्क्यांहून कमी होता, तिथे चिकॅडींना आपली संख्या टिकवण्याइतकी पिल्लं वाढवता आली नाहीत.

या निष्कर्षाची दुसरी बाजू मला फार आवडली. सत्तर टक्के पुरतात, म्हणजे तीस टक्के जागा उरते! त्यात माझा कुंडीतला मोगरा आणि कढीपत्ता बसतो, शेजारणीची हायड्रेंजिया बसते. कोणाला हाकलायची गरज नाही, सगळी जागा एकट्याने बळकावली नाही म्हणजे झालं. तशी बळकावणारी झाडं मात्र आहेत. आपल्या कॉलन्यांतून वसंतात पांढरी फुलणारी ब्रॅडफर्ड पेअर 1963 मध्ये इथल्याच, मेरीलँडमधल्या ग्लेन डेलच्या सरकारी केंद्रातून बाजारात आली. आज तिच्या वंशाची काटेरी झाडं महामार्गांच्या कडेने रानच्या रान व्यापत आहेत.

पुण्याची टेकडी आणि आपले डॉलर

आता पुण्याकडे वळते, कारण इथे अंगणात केलेली चूक आपण तिथे पैसे पाठवून करतो.

पुण्याच्या टेकड्यांवर फिरायला जाणाऱ्या सगळ्यांनी गिरिपुष्पाचं, म्हणजे ग्लिरिसिडियाचं, रान पाहिलं आहे. मूळ मध्य अमेरिकेतलं हे झाड. टेकड्या 'उजाड' दिसतात म्हणून वनखात्याने ते मोठ्या प्रमाणावर लावलं, कारण ते पटकन वाढतं आणि गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. टेकड्या हिरव्या झाल्या. पण मुळात त्या उजाड नव्हत्या. त्यांच्यावर गवत होतं, काटेरी झुडपं होती, मधूनच पांगारा, सालई, मेडशिंगी अशी पानगळीची झाडं होती. त्या गवतात चंडोल आणि तित्तिर जमिनीवर घरटी करायचे. उन्हाळ्यात पिवळ्या पडणाऱ्या गवताला 'पडीक' म्हणणं, ही माझ्या समितीवाल्या शेजाऱ्यांचीच नजर. उलट पावसाळी शिरीष, म्हणजे रेन ट्री, हासुद्धा दक्षिण अमेरिकेतून आलेला. पण जुन्या रेन ट्रीवर बगळ्यांच्या वसाहती असतात. म्हणून म्हणते, जन्मदाखला विचारू नका, बिऱ्हाडकरू विचारा.

आपण इथून काय करतो? वाढदिवसाला, आईवडिलांच्या स्मरणार्थ, 'शंभर झाडं लावा' म्हणून पैसे पाठवतो. फोटो येतो, आपण खूश होतो. कुठली झाडं, कुठे लावली, तिथे आधी काय होतं, तीन वर्षांनी किती जगली हे विचारत नाही. गवताळ माळावर खड्डे खणून दाट झाडं लावली, तर आपण एक जिवंत जागा स्वतःच्या पैशाने बुजवलेली असते.

हाच हिशेब आरेला लावला गेला. मेट्रोच्या कारशेडसाठी 4 ऑक्टोबर 2019 च्या रात्री तोड सुरू झाली. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी निषेधाच्या पत्रांवर सह्या केल्या. मीही केली. सरकारी बाजूचं उत्तर होतं की बदल्यात दुसरीकडे जास्त झाडं लावू. मेट्रो हवी, यात मला शंका नाही. पण झाडांची संख्या म्हणजे जंगल नव्हे. आरेत बिबट्या फिरतो, तिथे वारल्यांचे पाडे आहेत. ते दुसरीकडच्या रोपांबरोबर ट्रकमधून हलवता येत नाहीत.

आणि सह्या करणारे आपणच पुण्यात 'टेकडीच्या कुशीत' फ्लॅट बुक करतो. पुण्यात 1997 मध्ये आलेल्या 23 गावांतल्या टेकड्यांवर सुमारे 978 हेक्टर जमीन जैववैविध्य उद्यानासाठी, म्हणजे बीडीपीसाठी, राखून ठेवली आहे. त्यातली बरीचशी खाजगी मालकीची आहे आणि तिच्यावरचं आरक्षण सैल करण्याचा दबाव वर्षानुवर्षं आहे. एप्रिल 2023 मध्ये वेताळ टेकडी वाचवायला पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. त्या मोर्चात आपण नव्हतो. पण टेकडीवर आणि तिच्या पायथ्याशी इमारती उभ्या राहाव्यात म्हणून जी मागणी आहे, तिच्यात आपले डॉलर आहेत. रिकाम्या पडून राहणाऱ्या त्या फ्लॅटमध्ये वर्षातले वीस दिवस आपण उतरतो आणि बाल्कनीतून टेकडी किती कमी झाली यावर उसासे टाकतो.

"ही श्रीमंतांची चैन आहे"

हा आक्षेप मला आपल्यातल्याच एका मित्राने घेतला. ज्याला अंगण नाही, त्याला हे सांगून काय उपयोग? आक्षेप अर्धा बरोबर आहे. 1930 च्या दशकात इथे कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना नकाशावर लाल रंग देऊन कर्जं नाकारली गेली. 108 शहरांच्या 2020 मधल्या एका अभ्यासात दिसलं की त्या वस्त्या आजही बाकीच्यांपेक्षा सरासरी सुमारे अडीच अंश सेल्सियस जास्त तापतात, कारण तिथे झाडं कमी आणि डांबर जास्त. म्हणजे सावली आणि पाखरंसुद्धा वाटणीत येतात. म्हणूनच हा विषय छंदाचा नाही, सार्वजनिक पैशाचा आणि नियमांचा आहे. शाळेचं आवार, रस्त्याची कड, नाल्याचा काठ, महापालिकेचं उद्यान या ठिकाणी काय लावायचं हे कोणीतरी ठरवतंच. त्या सभांना आपण जात नाही, एवढंच.

करण्यासारखं

यंदा लॉनचा चौथा हिस्सा सोडा. तिथे तुमच्या राज्यातली फुलझाडं लावा. जागा असेल तर एक ओक लावा. टिकची भीती रास्त आहे, म्हणून वाटा कापलेल्या ठेवा आणि रानाच्या कडेला तीन फुटांची लाकडी भुश्श्याची पट्टी टाका. डासांचा सरसकट फवारा बंद करा, तो मधमाश्या आणि अळ्याही मारतो. साचलेलं पाणी ओता, ते जास्त उपयोगाचं आहे. झाडाखालची पानं वसंतापर्यंत राहू द्या, त्यांच्यात पतंगांचे कोष असतात. रात्री बाहेरचे दिवे मालवा.

असोसिएशनच्या समितीवर उभे राहा. आपली माणसं तिथे असतात, पण बहुतेक वेळा फक्त रंगाचे आणि कुंपणाचे नियम राखायला. आणि पुण्याला पैसे पाठवताना किंवा तिथे फ्लॅट घेताना एक ईमेल करा: कुठली जात, कोणती जागा, तिथे आधी काय होतं?

माझ्या पत्राचं काय झालं, हे राहिलंच. मेरीलँडमध्ये 2021 पासून कायदा आहे की फुलपाखरं-मधमाश्यांसाठी केलेल्या बागेवर असोसिएशनला अवाजवी बंदी घालता येत नाही आणि लॉनची सक्तीही करता येत नाही. त्या कायद्याची प्रत जोडून मी उत्तर पाठवलं. सोबत त्यांचाच फोटो, अळीभोवती लाल वर्तुळ काढून. समितीने दोन अटी घातल्या. वाफ्याला विटांची कड आणि एक छोटी पाटी. दोन्ही रास्त होत्या, मी मान्य केल्या.

सप्टेंबरात आरतीनंतर ते गृहस्थ प्रसाद घेता घेता म्हणाले, "वहिनी, ते बी आहे का तुमच्याकडे? आमच्या नातीला हवंय." मी पुडी दिली. आता वसंतात त्यांच्या अंगणात काय उगवतं ते बघायचं, आणि त्यांना पत्र कोण पाठवतं तेही.

तुमच्या गावचे, तुमच्या असोसिएशनचे अनुभव जरूर लिहा. मतभेद असतील तर आधी लिहा.