टक्कल, तेल आणि ईएमआय

परवा शनिवारी सकाळी सकाळी मामेभावाचा फोन आला. वय बावीस, नुकताच कॉलेजातून बाहेर पडून नोकरीला लागलाय. "दादा, एक विचारायचं होतं. हेअर ट्रान्सप्लांट करून टाकू का? बारा महिन्यांचा ईएमआय आहे, व्याज नाही. पण ऑफर उद्यापर्यंतच आहे." मी विचारलं, "डॉक्टरांनी तपासलं का?" तर म्हणे डॉक्टर नव्हते, काउन्सेलर मॅडम होत्या. त्यांनी डोक्याचा फोटो काढून स्क्रीनवर हा एवढा मोठा करून दाखवला आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही ऑलरेडी फार उशीर केलाय."

हे ऐकून माझी सटकली. कारण त्या बाईंचं वाक्य अर्धं खरं आहे. टक्कल झपाट्याने पडत असेल तर उशीर महागात पडतो हे मी स्वतः भोगलंय. पण उशीर कशाला होतो, हे दुकानवाले सांगत नाहीत आणि घरच्यांना माहीत नसतं. म्हणून आज जरा तावातावाने लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी माझी गोष्ट. चोविसाव्या वर्षी कपाळाचे दोन कोपरे मागे सरकायला लागले. सव्विसाव्या वर्षी टाळूवर चहाच्या बशीएवढी जागा विरळ झाली. मधली दोन वर्षं मी काय केलं? आईने माक्याचं तेल पाठवलं, ते लावलं. मावशीने जास्वंद सांगितली, ती वाटून लावली. कांद्याचा रस लावून एकदा चुकून तसाच ऑफिसला गेलो, तो किस्सा पुन्हा कधीतरी. टीममधल्या प्रत्येकाचं मत होतं की हिंजवडीच्या टँकरच्या पाण्याने केस जातात, म्हणून शॉवरला फिल्टर बसवला. बायोटिनच्या गोळ्या, तीन प्रकारचे शाम्पू, एक सिरम. चाळीसेक हजार गेले. त्याचं फार वाईट वाटत नाही, दोन वर्षं गेली त्याचं वाटतं.

आता सांगा, प्रोडक्शनला सर्व्हर रोज थोडा थोडा बसतोय आणि तुम्ही लॉग न बघता कीबोर्ड पुसत बसलात, तर मॅनेजर काय म्हणेल? मी अगदी तेच केलं.

लॉग काय सांगतो ते बघू. पुरुषांच्या टकलामागे दोन गोष्टी असतात, अनुवंश आणि डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी. आपल्याच टेस्टोस्टेरॉनपासून शरीर ते बनवतं. ज्याच्या कपाळावरची आणि टाळूवरची मुळं डीएचटीला जन्मतःच नाजूक असतात, त्याचा प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड उगवतो. मूळ आकसत जातं आणि शेवटी तिथे नुसती लव उरते. १९४२ साली हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं होतं की वयात येण्याआधी ज्यांचं पौरुष ग्रंथींचं काम थांबलं, त्यांना टक्कल पडत नाही. यात पाण्याचा क्षार, हेल्मेट आणि रात्रीची शिफ्ट कुठे बसते? आणि हो, खापर फक्त आजोळावर फोडू नका. आईकडून येणारं एक जनुक महत्त्वाचं असतं, पण जनुकं अनेक आहेत आणि ती दोन्ही घरांकडून येतात.

म्हणजे उशीर होतो तो इथे. आकसणारं मूळ वेळेत सावरता येतं, पूर्ण गेलेलं औषधाने सहसा परत येत नाही. तेल लावल्याने अपाय होत नाही हे मान्य. पण तेल लावून आपण काहीतरी करतोय असं वाटतं, आणि त्या समाधानात वर्षं निघून जातात. अपाय तो आहे. आईचं तेल मी आजही लावतो, डोकं शांत वाटतं म्हणून. औषध म्हणून नाही.

गंमत म्हणजे आपल्या कायद्याला हे कधीचं कळलंय. १९४५ च्या औषध नियमांत एक परिशिष्ट 'जे' आहे. कुठले आजार बरे करण्याचा दावा औषधाने करायचा नाही, त्याची ती यादी. त्यात टक्कल आहे! तरी जाहिराती बघा. 'केस परत येतील' असं कुणी छातीठोक म्हणत नाही, 'मुळांना पोषण' म्हणतात आणि शेजारी भरघोस केसांचा फोटो टाकतात.

मग काम कशाने होतं? भक्कम पुरावा असलेली औषधं मोजकीच आहेत. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्या लोकांच्या अंगावर केस वाढायला लागले आणि कंपनीचे डोळे चमकले. डोक्याला लावायचं द्रावण अमेरिकेत १९८८ साली मंजूर झालं. दुसरं फिनॅस्टेराइड, आधी प्रोस्टेटसाठी आलेलं. १ मिलिग्रॅमची गोळी तिकडे १९९७ साली टकलासाठी मंजूर झाली. ती डीएचटी बरंच खाली आणते. मिनॉक्सिडिल सुरू केलं की पहिले काही आठवडे केस उलट जास्त गळू शकतात, आणि नव्वद टक्के मित्र (हा माझा अंदाज हो, सर्व्हे नाही) तिथेच घाबरून सोडतात. फरक दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं. आणि औषध बंद केलं की मिळवलेलं हळूहळू परत जातं. हा हॉटफिक्स नाही, आयुष्यभराचा मेंटेनन्स आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण ती लपवणारेही कमी नाहीत. फिनॅस्टेराइडने काहींची कामेच्छा कमी होते, काहींना ताठरतेचा त्रास होतो. मूळ चाचण्यांत अशा तक्रारी गोळी घेणाऱ्यांत ३.८ टक्के होत्या, तर नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्के. बहुतेकांचा त्रास गोळी थांबवल्यावर जातो, पण काहींनी तो पुढेही राहिल्याचं सांगितलंय. २०२५ साली युरोपच्या औषध संस्थेने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. त्यामुळे आधी नैराश्य येऊन गेलं असेल तर डॉक्टरांना लपवू नका. मूल हवंय, रक्तदान करता, तेही सांगा. मित्राच्या पाकिटातली गोळी उचलून सुरू करणं हा शुद्ध गाढवपणा आहे.

आणि मुळात गळती याच कारणाची आहे का, हेही आधी बघावं लागतं. डेंग्यू, टायफॉइड किंवा क्रॅश डाएटनंतर दोन-तीन महिन्यांनी ढिगाने केस जातात आणि बहुधा आपोआप परत येतात. थायरॉईड असू शकतं. गोल चट्टा पडला तर ती चाई, तिचे उपचार वेगळे. जिमच्या ट्रेनरने स्टिरॉइड टोचलं असेल तर टक्कल आणखी वेगाने पडतं. हे सगळं त्वचारोगतज्ज्ञ बघतो, काउन्सेलर मॅडम नाही.

राहता राहिलं ट्रान्सप्लांट. माझा त्याला विरोध नाही. बाविसाव्या वर्षी, गळती जोरात असताना, औषधाशिवाय करण्याला आहे. ट्रान्सप्लांट नवे केस बनवत नाही, मागचे पुढे लावतं. मागचा साठा मर्यादित. लावलेले टिकतात, पण त्यांच्यामागचे मूळचे गळत राहतात. पंधरा वर्षांनी कपाळावर एक पट्टी आणि मागे मैदान! शिवाय ही शस्त्रक्रिया आहे. २०१६ साली चेन्नईत वैद्यकीय शाखेचा एक विद्यार्थी आणि २०१९ साली मुंबईत एक व्यावसायिक ट्रान्सप्लांटनंतर दगावले. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला सांगावं लागलं की यूट्यूबवर बघून शिकणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. यावरून धंद्याची कल्पना यावी.

"टक्कल म्हणजे काय कॅन्सर आहे का? एवढं काय मनावर घ्यायचं?" असं म्हणणारे बहुधा भरघोस केसवाले असतात, नाहीतर लग्न झालेले. स्थळाकडून "मुलगा चांगला आहे, पण फोटो जुना होता" असा निरोप आला की कळतं. तरीही एक सांगतो, उपचार न घेणं हाही शहाणा निर्णय असू शकतो. सरळ मशीन फिरवा आणि मोकळे व्हा. माझ्या बाबांनी तिशीत तेच केलं आणि त्यांचं काही अडलं नाही. वाईट आहे ते मधे लटकणं. ना स्वीकार, ना इलाज, नुसता दर महिन्याला नवा शाम्पू.

मी सव्वा वर्ष डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधं घेतोय. गळती थांबली. गेलेलं थोडंसंच परत आलं, टाळूवरची बशी अजून आहे. ती दोन वर्षं मिळाली असती तर कदाचित नसती.

मामेभावाला मी एवढंच म्हटलं, ईएमआय थांबव, आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जा, रक्त तपास आणि मग ठरव. सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय त्याने. आणि रविवारी संपणारी ती ऑफर? रविवारी रात्री त्याला मेसेज आला, 'खास तुमच्यासाठी मुदत वाढवली आहे, सोबत १० टक्के जादा सूट.'

उशीर त्यांना होत होता तर!